कुंताबाईंनी शोधलेली नोंद

कुंताबाई पचारे पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आल्या, तेव्हा त्यांच्याजवळ दुसऱ्या तहसिलीतून मिळालेला एक कागद होता. त्यावर एकच ओळ होती, ‘सदर नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ दोन हजार तेवीसचा जुलै होता. धानाच्या रोवणीचे दिवस, त्यामुळे कचेरीत गर्दी नव्हती. वैनगंगेच्या पलीकडून दोन बस बदलून ही बाई आली होती आणि तिच्या पायाच्या नखांत धानाच्या बांधीतला चिखल तसाच होता.

मी तेव्हा आमच्या तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होतो. पूर्वी गावागावांतली जन्म-मरणं कोतवाल लिहून ठेवायचा. त्या वह्यांना कोतवाल बुक म्हणतात. लाल कापडाच्या बस्त्यांत बांधलेल्या या वह्या माझ्या ताब्यात होत्या. लोक त्या मागायला येतात ते मेलेल्यांच्या ओढीने नाही. जातीची पडताळणी करायची असली की एकसष्टच्या आधीचा कागद लागतो. ज्यांचे आजे-पणजे शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या नावावर शेती नाही, त्यांच्याजवळ पुरावा म्हणून एवढंच उरतं, कोणाचा तरी जन्म किंवा कोणाचं तरी मरण. माझ्या आज्याचं नावही अशाच एका वहीत आहे, छप्पनच्या दीक्षेआधीच्या जातीसकट. त्यामुळे या वह्यांचं मोल मला ठाऊक होतं. पण रोज तेच काम करणाऱ्या माणसाला कंटाळा येतो, तसा मलाही आला होता.

कुंताबाईंचं काम सरळ दिसत होतं. त्या ढिवराच्या. गाव मोहाडटोला. नवरा डोमा तळ्यात मासे धरायचा आणि ह्या ते टोपलीत घेऊन आठवडी बाजारात विकायच्या. मुलगी डिंपल बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. पडताळणीच्या अर्जात वंशावळ भरताना तिने आजोबांना, म्हणजे कुंताबाईंच्या सासऱ्यांना, त्यांच्या बापाचं नाव विचारलं. लच्छूबाबा पंचाहत्तरीचे. ते उठले आणि बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

त्या घरात ते नाव कोणी घेत नसे. लच्छूबाबा तीनेक वर्षांचे असताना त्यांचा बाप इसरू दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आटोपल्यावर बांबू कटाईच्या कामाला म्हणून गेला आणि परत आला नाही. मागून गावात बातमी आली, की तो माजरीच्या कोळसा खदानीत दिसला, सोबत दुसरी बाई आहे. इसरूची बायको मनकर्णा टाकलेली बाई म्हणून जगली आणि बहात्तर साली मेली. लच्छूबाबा लोकांच्या बोलण्यात वाढले. बापाचा विषय निघाला की शिवी देऊन तो संपवायचा, ही त्यांची सवय होऊन बसली.

कुंताबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी सासऱ्याला पुन्हा विचारलं नाही. गावात सगळ्यांत म्हातारं माणूस कोण, हे शोधून त्या इतवारीबाईंकडे गेल्या. नव्वदीची बाई, कानाने कमी ऐकणारी. इसरूसोबत गावातले आणखी चार जण गेले होते आणि त्यांतला एक इतवारीबाईंचा नवरा होता. कुंताबाई रोज संध्याकाळी मासे साफ करून झाले की तिच्याकडे जाऊन बसायच्या. काही विचारायच्या नाहीत, तिचे पाय चेपायच्या. आठव्या दिवशी म्हातारी आपणहून बोलली. बांबूच्या कामावर हैजाची साथ आली होती. इसरूला उलट्या-हगवण लागली. बाकीचे चौघे घाबरले आणि त्याला झाडाखाली तसाच टाकून पळून आले. गावात काय तोंड दाखवायचं, म्हणून माजरीची गोष्ट त्यांनी वाटेतच जुळवली. नवऱ्याने मरताना हे इतवारीबाईंना सांगितलं होतं आणि तिने ते चाळीस वर्षं पोटात ठेवलं होतं. ते गाव कोणतं, हे मात्र तिला आठवत नव्हतं. नदीच्या पल्याड, आणि नावात ‘कोसम’ आहे, एवढंच.

हे सगळं कुंताबाईंनी मला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं, उभ्या उभ्या, कुठेही रंग न भरता. मी म्हटलं, तुमच्या तहसिलीत नोंद सापडणार नव्हतीच. माणूस राहतो तिथल्या वहीत मरण लिहीत नाहीत, मरतो तिथल्या वहीत लिहितात. त्यांनी मान हलवली.

“म्हनूनच तं इथी आली, भाऊ.”

मी गावांची यादी काढली. कोसमटोला, कोसमघाट, कोसंबी असं करत सात गावं निघाली. सालही पक्कं नव्हतं. लच्छूबाबा तेव्हा चालत होते पण नीट बोलत नव्हते, एवढ्यावरून पन्नास ते त्रेपन्न असा अंदाज धरला. सात गावांची चार वर्षांची पानं. त्यातून हैजाचं साल म्हणजे मरणंही जास्त. मी त्यांना खरं ते सांगितलं, की एवढं शोधायला माझ्याजवळ वेळ नाही. गाव आणि तारीख आणा, मग नक्कल देतो.

त्यांनी आवाज चढवला नाही. पाहणीसाठी अर्ज करता येतो का, एवढंच विचारलं. करता येतो, असं मला सांगावंच लागलं. त्यांनी तिथेच बसून अर्ज लिहिला, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नाही. साहेबांनी सही केली. माझ्या समोर बसून त्यांनी वह्या पाहायच्या, असं ठरलं.

तीन दिवस त्या येत होत्या. पहिल्या बसने निघायच्या आणि अकराच्या आत माझ्या टेबलाच्या कोपऱ्याशी बसायच्या. रोवणीची मजुरी बुडत होती, त्याबद्दल चकार शब्द नाही. पान उलटताना बोट ओलं करायच्या नाहीत. मी काही सांगितलं नव्हतं, कागद पिवळा पडलेला पाहून त्यांनीच ते ओळखलं. ओळ हलू नये म्हणून कोऱ्या कागदाची पट्टी खाली धरायच्या. कोतवालाचं अक्षर लागलं नाही की मला विचारायच्या, पण एकदा कळलेलं अक्षर पुन्हा विचारायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या माझ्यापेक्षा भरभर वाचू लागल्या. मी चौदा वर्षं त्या वह्या हाताळत होतो. मी वाचायचो ते फक्त आडनाव, जात आणि तारीख. कुंताबाई पूर्ण ओळ वाचायच्या. नाव, बापाचं नाव, वय, कशाने मेलं. ताप. साप. बाळंतपण. वाघ. लहान पोरांची नावं आली की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी विचारलं, आपल्याला नको ती नावं कशाला वाचता? त्या म्हणाल्या, घाईत आपला माणूस निघून जाईल. मला ते उत्तर पटलं आणि थोडी लाजही वाटली.

तिसऱ्या दिवशी, चहा यायच्या आधी, त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी मला हाक मारली नाही. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि मग वही माझ्याकडे वळवली. कोसमघाट. तेवीस नोव्हेंबर एकोणीसशे एकावन्न. इसरू वल्द सुकलू, ढीवर, पुरुष, वय सव्वीस, राहणार मोहाडटोला. कारण, हैजा. आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच शाईने लिहिलं होतं, ‘सोबत कोणी नाही. गावकऱ्यांनी माती दिली.’

दिवाळीनंतरची मंडई पाहून घरून निघालेला माणूस पंधरवड्याच्या आत मेला होता. खदानीत गेला नव्हता, दुसरी बाई केली नव्हती. तीन वर्षांच्या पोराला टाकून तो कुठेही गेला नव्हता.

कुंताबाईंनी ओळीखालची पट्टी काढून ठेवली. मग नक्कल किती दिवसांत मिळेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलीच्या अर्जाला अजून मुदत आहे. त्या म्हणाल्या, “पोरीचं होईन, भाऊ. पन म्हातारा पंचाहत्तरचा हाये. अन् कागद पाह्यल्याबिगर तो मानत नाई.”

त्या दिवशी मी दुसरं कोणतंही काम केलं नाही. स्वतः नक्कल उतरवली, वहीशी ताडून पाहिली, साहेबांची सही घेतली, शिक्का मारला आणि चारच्या आत त्यांच्या हातात दिली.

घरी काय झालं, ते मला नंतर डिंपलने सांगितलं. लच्छूबाबा अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. कुंताबाईंनी आधी इतवारीबाईंचं बोलणं सांगितलं. ते ऐकून त्यांनी हातातलं काम सोडलं नाही. मग कुंताबाईंनी नक्कल उघडून वाचली. लच्छूबाबांनी ती पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, माती कोणी दिली म्हणतेस? गावाने, असं कुंताबाई म्हणाल्या. लच्छूबाबांनी जाळं बाजूला ठेवलं.

“सत्तर वर्सं मी त्याले शिव्या देल्ल्या,” ते म्हणाले.

कुंताबाईंनी त्यांची समजूत घातली नाही. त्या शेजारी बसून राहिल्या. मग लच्छूबाबांनी डिंपलला हाक मारली आणि वंशावळीत लिहायला आपल्या बापाचं नाव सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते शिवीशिवाय घेतलं.

रोवणी आटोपल्यावर ते सगळे कोसमघाटला गेले. मलाही बोलावलं होतं, मी गेलो. गाव गोंडांचं, पंचवीस-तीस घरांचं. हैजातल्या लोकांना कुठे पुरलं, हे नेमकं कोणालाच माहीत नव्हतं, पण गावाबाहेर एका माळाकडे म्हाताऱ्यांनी हात दाखवला. तिथे आता गुरं चरतात. लच्छूबाबांनी चार ठिकाणी तांदूळ ठेवले, म्हणजे कुठेतरी बापाला पोचतील. मग ते गावात परत आले आणि चावडीशी जमलेल्या लोकांच्या पाया पडू लागले. पोरासोरांच्याही. लोक संकोचले. ज्यांनी माती दिली त्यांतलं आज कोणीही जिवंत नव्हतं. पण गावाने आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

डिंपलची पडताळणी त्या हिवाळ्यात झाली. ती आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

इतवारीबाईंना गावात कोणी बोल लावू नये, हेही कुंताबाईंनीच पाहिलं. तिच्या नवऱ्याने काय केलं, हे लोकांना कळलं तेव्हा दोन-चार जण तिच्या दाराशी बोलायला गेले. कुंताबाई आधीच तिथे जाऊन बसल्या होत्या. म्हातारी बोलली नसती तर आमच्याजवळ काय होतं, असं त्या म्हणाल्या, आणि लोक परतले. पुढच्या वर्षी इतवारीबाई गेली. तिच्या मरणाची नोंद ग्रामपंचायतीत तिसऱ्याच दिवशी झाली, कारण कुंताबाई तिच्या पोराला घेऊन स्वतः गेल्या होत्या.

तेव्हापासून त्यांच्याकडे लोक येतात. कोणाचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला आणि तिकडेच मेला, तर अर्ज इथे नाही, तिथे करायचा, हे त्या सांगतात. वर्ष उलटून गेलं असेल तर आधी नोंद नसल्याचा दाखला घ्या, मग आदेशासाठी अर्ज करा, हे सांगतात. कोरपन्याकडची एक बाई नातलगाच्या तोंडून नाव ऐकून थेट मोहाडटोल्याला पोचली होती. कुंताबाईंनी तिला आधी जेवायला वाढलं आणि मग विचारलं, तुझा माणूस गेला तेव्हा जवळ कोण होतं? त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी चौदा वर्षं लोकांना पहिला प्रश्न तारखेचा विचारला.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात कामानिमित्त कचेरीत गेलो, तर माझ्या जागी आलेल्या कुलदीपसमोर कुंताबाई बसल्या होत्या. सोबत दोन अनोळखी म्हातारे होते. कुलदीप नवा, त्याला एका कोतवालाचं अक्षर लागत नव्हतं. कुंताबाईंनी वही आपल्याकडे ओढली, ओळीखाली कागदाची पट्टी धरली आणि त्याला वाचून दाखवलं. मग मला पाहून म्हणाल्या, “बसा भाऊ, अजून अर्धं गाव वाचाचं हाये.”