हिच्या हस्तिदंती बांगड्या

ही गेली, आणि महिनाभराने मुलगी बंगळूरहून कपाट आवरायला आली. साड्या तिने बॅगेत भरल्या. तळाशी मलमलीत गुंडाळलेल्या हस्तिदंती बांगड्या निघाल्या. हिच्या आईने आमच्या लग्नात हिला घातलेल्या. पूर्वी लग्नकार्यात बायका हिचं मनगट हातात धरून त्या न्याहाळायच्या.

"ह्या पण ने," मी म्हणालो.

"नको बाबा. हत्तीचा जीव जातो त्यापायी."

"त्या काळी कुणाला ठाऊक होतं?"

"आईला कळलं होतं. मलकपेठच्या लग्नात एका पोरीने विचारलं, काकू, हे खरं हस्तिदंत का? आईने तिथेच उतरवून पर्समध्ये टाकल्या. परत घातल्याच नाहीत."

त्या लग्नाला मीही होतो. नंतर ही बांगड्या का घालत नाही, हे मी कधी विचारलं नाही, आणि हिनेही मला सांगितलं नव्हतं.

मुलगी गेल्यावर घर फारच शांत झालं. एका सकाळी बांगड्या घेऊन सुलतान बाजारात आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. एकीला चीर गेली होती. सांधून ठेवावी, एवढंच मनात होतं. त्याने पुडी उघडली आणि लगेच मिटली.

"साब, इसका काम अब कोई नै करता. बेचना तो दूर, बगैर कागज के घर में रखना भी जुर्म है. जंगलात के दफ्तर में दे दो."

वनखात्याच्या कचेरीत टेबलाशी एक तरुण बाई होत्या. मला वाटलं, दरडावतील. त्यांनी बांगड्या उजेडात धरून पाहिल्या.

"किसके हैं?"

"बीवी के."

"उनको साथ नै लाए?"

"वो नहीं रहीं."

त्यांनी बांगड्या अलगद खाली ठेवल्या आणि चहा मागवला. "पसंद थे उनको?"

"हौ, बहुत," मी म्हणालो. पण खरं काय ते मला सांगता आलं नसतं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी हिच्याबद्दल विचारत होतं, म्हणून चहा संपला तरी मी बसून राहिलो.

विद्यानगरला घरी येऊन मुलीला फोन केला. "देऊन आलो."

"आईला बरं वाटलं असतं, बाबा."

"तुला आणखी काय काय सांगायची ती?"

मुलगी सांगू लागली. मी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि ऐकत बसलो.