पोळ्याला मंदावणारा लुकलुकाट

विद्यार्थ्यानं आलेख आणला की वानखडे सर आधी तो टेबलावर उलटा ठेवायचे. "सरळ पाह्यलं की आपल्याले पायजे थेच दिसते," म्हणायचे. अकोल्याच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. मी त्यांचा सहकारी, अमरावतीचा, बडनेऱ्याहून रोज गाडीनं येणारा. कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, असं आम्ही त्यांच्या पाठीमागे म्हणायचो.

त्यांची पीएचडी एका फार दूरच्या दीर्घिकेवर होती. तिच्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी तासाभरात कमीजास्त होत. ही धडधड दीर्घिकेच्या पोटातलीच, असा सरांचा दावा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्यात घातली. प्रबंध बांधून तयार झाला आणि तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं, की हा लुकलुकाट दरवर्षी पोळ्याच्या सुमारास मंदावतो.

"त्या दीर्घिकेले काय माईत, आपल्या इथं पोया कधी असते?" सर मला म्हणाले. हसले नाहीत.

मला उमजेना, तेव्हा त्यांनी समजावलं. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत विरळ वायूचे ढग वाहतात. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावरून पलीकडचं सारं हलताना दिसतं, तशाच त्या ढगांतून येणाऱ्या लहरी लुकलुकतात. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी दरवर्षी त्याच सुमारास काही दिवस ढगाच्या बरोबरीनं चालते, मग लुकलुकाट मंद होतो.

"थे आपल्या जागी शांत हाये. मधातलं हालून राह्यलं. अन् मी त्यालेच तिची धडधड समजून राह्यलो."

ढगांची ही गोष्ट बाहेरच्या लोकांनी आधीच सिद्ध केली होती. सरांपाशी नवं काही उरलं नाही.

"इथं कोण बघतंय? देऊन टाका प्रबंध," मी म्हणालो.

"मले दिसलं ना."

प्रबंध दिलाच नाही. बढती गेली. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं विभागप्रमुख होऊन आली, आणि सर जिन्यात त्यांना वाट देत बाजूला उभे राहू लागले. मला ते बघवत नसे, खरंच सांगतो.

यंदाच्या हिवाळ्यात सर गेले. शोकसभेत फोटोखाली ‘डॉ. वानखडे’ असं छापलेलं होतं. कुणीतरी मायेनंच छापलं असावं. भाषण चालू असताना सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, उठल्या आणि प्राचार्यांसमोर उभ्या राहिल्या.

"सायेब, जे त्यायनं जित्तेपणी लावून घेतलं नाई, थे आता कावून लावून राह्यले?"

वहिनी फोटोपाशी गेल्या आणि नखानं ‘डॉ.’ हे अक्षर खरवडू लागल्या. ते लवकर निघेना.