गार नळीतल्या कोलांट्या

रायपूर राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवऱ्याला तिथल्या एका नव्या ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही यवतमाळहून येऊन बूढापाऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या मे महिन्यात मला सातवा महिना होता. उन्हाने जेवण जात नव्हतं. मी खरबूज कापून फ्रिजमध्ये ठेवायची आणि भूक लागली की तेच गार गार खायची.

मग ताप आला. अंग मोडून आलं, कंबर दुखायला लागली. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. ताप हटेना तेव्हा दवाखान्यात भरती केलं आणि टायफॉइड समजून इंजेक्शनं सुरू झाली. फरक पडला नाही. बाळाचं हलणं कमी झालं, तसा नवरा रात्रीही खाटेशीच बसून राहायला लागला.

एका संध्याकाळी पांढऱ्या कोटातल्या एक बाई माझ्या खाटेशी आल्या. दवाखान्याच्या लॅबच्या मुख्य डॉक्टर, रिटायरमेंटला आलेल्या. हिंदीत विचारपूस करता करता आमचं मराठी त्यांच्या कानावर पडलं.

"यवतमाळची काय तू? मी वर्ध्याची. मले सांग, मागच्या महिन्यात फ्रिजमधलं थंडं काय काय खाल्लं?"

"खरबूज," मी म्हटलं.

"तुझ्या रक्तातला जंतू त्याच्यातूनच आला असं नाही सांगता येत. पण येऊ शकते."

मग त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावून सगळं नीट सांगितलं. माझ्या रक्तात एक जंतू वाढला होता. तो कातडीवरच्या एका साध्या जंतूसारखा दिसतो, म्हणून रक्त काढताना सुईबरोबर आला असेल असं समजून बऱ्याचदा सोडून दिला जातो. पण तपासायला घेतलेल्या माझ्या रक्ताच्या दोन्ही बाटल्यांत तोच निघाला, आणि मी गरोदर. बाईंना शंका आली. अन्नातून येणारा, गर्भापर्यंत पोचणारा एक जंतू असाच दिसतो. गारव्यात तो कोलांट्या मारतो, त्यावरून त्याची ओळख पटते, आणि मे महिन्यात त्यांची लॅबच अंगाएवढी तापलेली. त्यांनी एक नळी कॉम्प्युटरच्या एसी खोलीत ठेवली, दुसरी उबेच्या पेटीत. गार नळीतले जंतू कोलांट्या मारताना दिसले तशा त्या तडक वॉर्डात आल्या होत्या.

"आधीचं इंजेक्शन याच्यावर चालतच नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या डॉक्टरशी बोलली मी. आता बदलून राहिले."

नव्या इंजेक्शनांनी ताप उतरत गेला. बाळ पुन्हा लाथा मारायला लागलं, तेव्हा नवरा वऱ्हांड्यात जाऊन रडून आला.

मला चालता यायला लागल्यावर बाईंनी लॅबमध्ये बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली आधी गार नळीतला थेंब दाखवला. बारीक काड्या उलट्यापालट्या होत होत्या, मेळ्यातल्या पोरांसारख्या. मग उबेतल्या नळीतला थेंब. तेच जंतू, पण जवळजवळ जागच्या जागी.

"हे काहून थांबले?" मी विचारलं.

"त्याले कळते ना तो कुठे आहे ते. बाहेर, मातीत, फ्रिजात तो शेपट्या काढून फिरते. अंगाची ऊब लागली की शेपट्या बंद. शेपट्या दिसल्या तर आपलं शरीर त्याले धरते. अन् शेपट्या बंद करते त्याच वेळी तो हत्यारं काढते."

"ऊब कशी कळते त्याला?"

बाईंनी आपल्या ओढणीचं टोक दुमडून धरलं. "हत्यारं बनवायचा हुकूम एका धाग्यावर लिहिला असते. गारव्यात तो धागा असा दुमडून राहते, वाचताच येत नाही. अंगाएवढी गरमी भेटली की घडी सुटते." त्यांनी टोक सोडलं. "मग तो त्या हत्यारांनी आपल्या पेशीत शिरते, अन् आपल्याच पेशीतल्या दुसऱ्या धाग्यांनी स्वतःले ढकलत शेजारच्या पेशीत जाते. उगीच ताकद वाया घालवत नाही. इतकी वर्षं पाहून राहिली मी, तरी मले त्याचं कौतुकच वाटते."

ज्याने माझं बाळ जवळजवळ नेलं होतं त्याचं कौतुक ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पुन्हा डोळा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले.

मुलगी थोडी लवकर झाली, पण धडधाकट झाली. बारसं लांबलं, ती पाच महिन्यांची झाल्यावर केलं; तात्यापाऱ्यातल्या हॉलमध्ये बाई लॅबमधून सरळ आल्या. सासूबाईंनी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. तिने बाईंचा चष्मा ओढला, आणि चष्मा सोडवायची कोणतीही घाई न करता त्या तशाच तिच्याकडे बघत बसल्या.