न वाकणारं गार्ड

पाथर्डीत वाल्मिकरावांचं वेल्डिंगचं दुकान जीपच्या तोंडाला लावायच्या लोखंडी गार्डांसाठी नावाजलेलं. बोअरच्या जाड पाइपाचं गार्ड ते थेट चॅसीला जोडून द्यायचे. "गाडी मोडंल, पन गार्ड वाकनार न्हाई," हा त्यांचा शब्द. तो कधी खोटा ठरला नाही, दुर्दैव तेच.

तीन वर्षांपूर्वी ते बायकोला, रतनबाईंना घेऊन स्वतःच्या जीपने नगरला निघाले होते. वळणावर कुत्रं आडवं आलं, त्याला चुकवताना जीप पुलाच्या दगडी कठड्यावर आदळली. कठडा हलला नाही, गार्डही नाही. रतनबाईंनी पट्टा लावला होता, तरी डावा खांदा आणि तीन बरगड्या मोडल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गाडीचं काय झालं?"

"काय न्हाई. गार्डला वरखडासुदीक न्हाई." बायको आत कण्हतेय आणि गडी फुशारकी मारतोय!

"मग दणका गेला कुठं?" डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनीच समजावलं: पुढचं लोखंड चेपलं असतं, तर गाडीला थांबायला हातभर जागा मिळाली असती आणि बराचसा मार लोखंडानेच खाल्ला असता. लोखंड वाकू नये म्हणून उभा जन्म घाम गाळलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. घरी येताच त्यांनी ते गार्ड कापून काढलं. नवीन करणंही बंद. धंदा निम्म्यावर आला. आता फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात नवी गाडी घेऊन मी दुकानात गेलो. ते जुनं गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेलं. आपटूनही जसंच्या तसं राहिलं, असं कळल्यावर तर मी हरखलोच. "मला अस्संच पाहिजे!"

वाल्मिकरावांनी घराकडे हाक दिली. "अगं, जरा हिकडं ये."

रतनबाई पदराला हात पुसत आल्या. "आलं वाटतं गार्डाचं गिऱ्हाईक," म्हणून हसल्या आणि न सांगताच डावा हात वर उचलू लागल्या. खांद्याच्या रेषेत येऊन तो थांबला.

"हितवरच जातो," त्या म्हणाल्या. "फुडं न्हाई."

मला माझीच लाज वाटली. वाल्मिकराव त्यांच्याकडे बघत नव्हते. ते गार्डाकडे बघत होते.