सहीसाठी सहा आकडे

एके काळी अख्ख्या सोलापूरच्या सह्या माझ्या बिस्किटाच्या डब्यात असायच्या. खोटं वाटत असेल तर डबा अजून आहे, येऊन बघा. मी डिजिटल सही काढून देतो. बोटाएवढं टोकन संगणकात खुपसायचं, पिन टाकायचा, की झाली सही. ही सही याच माणसाची, अशी हमी मागची एक कंपनी जगाला देते. आणि आमचे कारखानदार काय करायचे? टोकनला पिनची चिठ्ठी चिकटवून दोन्ही माझ्याच डब्यात टाकून जायचे. मनात आणलं असतं तर एका दुपारी निम्मं शहर विकून मी अकलूजला रसवंती टाकली असती. गावभर थापाड्या म्हणून ओळख, तरी विश्वास माझ्यावरच.

त्या डब्यात माझ्या मित्राचंही टोकन होतं. मूळचा मैंदर्गीचा, टॉवेलचा कारखाना, घरात कन्नड, बाहेर मराठी. त्याच्या सगळ्या सह्या मीच करायचो. मग त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, आणि डोक्यातलं मराठी जणू कुणी उपटून नेलं. राहिलं ते आईचं कन्नड.

त्याला लेकीला आपल्या कारखान्याच्या कंपनीत संचालक करायचं होतं. त्या कागदावर त्याची डिजिटल सही लागणार, आणि जुन्या सहीची मुदत संपलेली. तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि लेकीनं मला सांगितलं, "काका, अप्पा म्हणतात, आजवर सगळं तूच दाबलंस, हे बटण मी दाबणार."

नव्या सहीसाठी व्हिडिओ लागतो. चेहरा दाखवायचा आणि पडद्यावर आलेले सहा आकडे मोठ्यानं वाचायचे. त्यानं सात, दोन, नऊ असे छाती काढून वाचले, पण कन्नडमध्ये, "एळु, एरडु, ओंबत्तु..." दुसऱ्या दिवशी नकार आला : अर्जदाराने क्रमांक वाचला नाही.

मी सही देणाऱ्या कंपनीला फोन लावून ओरडलो, "अहो, मी वळखतो की त्याला! चाळीस वर्षं झाली!"

पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमची ओळख चालत नाही."

मग रोज सकाळी मी त्याच्या खाटेशी बसू लागलो. आकडे दर वेळी नवे येतात, म्हणून शून्य ते नऊ सगळेच मराठीत घोकायचे. "सात म्हण, गड्या, न्हाईतर तुझे माग रुसून मोहोळला पळून जातील." तो अर्ध्या तोंडानं हसायचा. सात यायला आठवडा लागला. बाहेर मी वर्ष सांगतो.

महिन्यानं पुन्हा व्हिडिओ केला. लेकीला ती धडपड बघवेना, ती बाहेर निघून गेली.

चार दिवसांनी तो झोपेतच गेला. तिसऱ्याच्या सकाळी त्याच्या मोबाईलवर कंपनीचा संदेश आला : अभिनंदन, आपली ओळख पटली आहे. मोबाईल लेकीच्या हातात होता. आता फक्त ओटीपी टाकून सही टोकनात उतरवायची. टोकन माझ्याकडेच होतं.

मी हळूच म्हटलं, "पोरी, ओटीपी सांग. मी दाबतो. न्हाईतर वारसाच्या कागदांत किती फिरशील?"

"नको, काका. ते अप्पा दाबणार होते."

मी कंपनीला खरं ते कळवलं. अर्जदार वारला, सही रद्द करा.

मग तिनं विचारलं, "तो व्हिडिओ मिळेल का? त्यात अप्पा बोललेत."

"न्हाई. तो कंपनीकडंच राहतो."

"मग तुम्ही सांगा. कसे बोलले?"

वाघासारखा गरजला, शेजारचे माग थांबले, सगळं जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं.

"दोन म्हणाला. मग लई वेळ गप्प. मग चार. आठ. सात नीट आलं. एक. शेवटचा तीन होता, तो काही सापडेना. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, मूरु."

"तरी पास केलं त्यांनी?"

"केलं की. तपासणारं कोण होतं, ठावं न्हाई."