नाशिकच्या मापाने समुद्र

"अवो नाशिकवाले! म्होरं काय बगताय? पानी मागनं आलंय, मागनं!"

किनाऱ्यावरून कोळीणमावशी ओरडत होत्या. सकाळी त्यांच्याच ओट्यावर आम्ही नवराबायकोने चहा घेतला होता आणि चहा संपेपर्यंत मी त्यांना छायाचित्रणावर व्याख्यानही दिलं होतं. आवाज असा, की क्षितिजावरच्या जहाजांनी वळून बघावं. मी मात्र ढिम्म. पायाखाली काळा कातळ, तिवईवर कॅमेरा, आणि समोर समुद्रातल्या किल्ल्याचा ढासळता बुरूज. त्यावर पडलेलं ऊन शंभर वर्षांत एकदाच पडत असावं.

प्रश्न इज्जतीचा होता. गंगापूर रोडच्या आमच्या फोटोमंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी तेच: द्राक्षांचे घड, घाटावरचे साधू, पुन्हा द्राक्षांचे घड. भर सभेत टेबलावर मूठ आपटून मी म्हणालो होतो, "यंदा समोरची भिंत मोकळी ठेवा. इतिहास आणतो, समुद्रासकट!" अध्यक्षांनी खरंच ठेवली. अध्यक्ष दिंडोरीचे बागायतदार. शब्दाला जागणारा माणूस, आणि दुसऱ्यालाही झोपू न देणारा.

बरं, पाण्याचं मला कोणी शिकवू नये. गोदावरीला पूर आला की आम्ही पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं तर चहा पितो, कमरेला लागलं तर काठावरची दुकानं हलवतो, छातीला लागलं की सहकुटुंब बघायला जातो. म्हणून इथेही समोरचा एक उभा खडक मी मारुती नेमला होता. त्याच्या कमरेला पाणी लागलं की निघायचं. पाणी अजून घोट्याशी खेळत होतं. पण नदी समोरून येते, सांगून येते. समुद्राला ही रीत कोणी लावलेली नाही. भरती वळसा घालून माझ्या पाठीमागच्या खोलगट वाटेत कधीच शिरली होती.

मागे वळलो, तर वाट गायब. कॅमेरा गळ्यात अडकवला, तिवई उचलली, उतरलो. पुढचं प्रदर्शनात सांगितलं तसंच सांगतो. पहिल्या पावलाला काही नाही, दुसऱ्या पावलाला पाणी थेट गळ्याशी! लाटा माडाएवढ्या. पण मी डोकं शाबूत ठेवलं आणि सगळ्यात मोलाची वस्तू दोन्ही हातांनी उंच धरली. काठावर आल्यावर कळलं, ती तिवई होती. गळ्यातल्या कॅमेऱ्याने पोटभर समुद्र पिऊन घेतला होता, आतल्या कार्डासकट.

भिंत राखली ती बायकोच्या मोबाइलने. ओरडण्याचं काम मावशींवर सोपवून हिने शांतपणे फोटो काढला होता: मागे बुरूज, वर सोनेरी ढग, आणि मधोमध पाण्यावर माझं मुंडकं नि आडवी तिवई.

प्रदर्शनाला रांग पार शहराच्या दुसऱ्या बाजूच्या द्वारका चौकापर्यंत गेली होती, कमी सांगतोय. फोटोशेजारी उभा राहून मी दर दहा मिनिटांनी बुडत होतो. संध्याकाळपर्यंत पाण्यात दोन मगरीही आल्या. अध्यक्षांचे डोळे पाणावले. ते हिच्याकडे वळले. "वहिनी, धन्य तुमची! नवरा गळ्याएवढ्या पाण्यात, आणि तुमचा हात जरासुद्धा हलला नाही?"

ही बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती.

"पाणी गुडघ्याएवढंच होतं," ती म्हणाली. "हे घसरून खाली बसले होते."