तोनीनाची जागा

ऑक्टोबर सरता सरता राबात्सच्या किनाऱ्यावरची हॉटेलं बंद होत आणि झ्वाने वेर्बानाट्स पहिले तीन दिवस नुसता झोपून काढी. त्या वर्षी तीनाचे आठ झाले. बासष्ट वर्षांचं वय, त्यातली पन्नासहून जास्त वर्षं बारा किलोची अकॉर्डियन गळ्यात. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. त्याची बायको निवेस त्याच्या प्रत्येक कोटाच्या डाव्या खांद्यात जुन्या ब्लँकेटचा तुकडा शिवून ती उतरण भरून काढायची. कोट घातला की माणूस सरळ दिसे, काढला की कलंडलेला.

"डॉक्टर काय म्हणाले?" निवेसने विचारलं.

"म्हणाले, पेटी सोडा."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मी सोडीन हो, तीच सोडत नाही."

राबात्सजवळच्या आमच्या लाबिन गावात त्याला दोन नावं होती. हॉटेलच्या फलकावर 'जॉनी वर्बन, ब्लूज पियानो' आणि गावात नुसता झ्वाने पेटीवाला. दुपारी तो गच्चीवर अकॉर्डियन घेऊन जेवणाऱ्या जर्मन पाहुण्यांच्या टेबलांमधून फिरायचा. तेच वॉल्ट्झ, तेच हसू, तीच घामाने ओली झालेली पाठ. संध्याकाळी बारमधल्या पियानोवर एक तास त्याचा स्वतःचा. त्या एका तासासाठी बाकीचा सगळा दिवस ढकलायचा, असा त्याचा हिशोब. त्या तासात कुणी डोळे मिटून ऐकताना दिसलं की त्याला बरं वाटे, मग कळे की पाहुण्याला झोप लागली आहे. एकदा त्याची एक तबकडी निघाली होती. जवळच्या पूला शहराच्या रेडिओवर ती लागली तेव्हा त्याने आईला मुद्दाम ऐकायला बसवलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. कोण गेलं?"

ही आई म्हणजे फूमा. सत्त्याऐंशी वर्षांची, लाबिनच्या वरच्या टेकडीवर सात घरांच्या वाडीत एकटी राहणारी, आणि जिभेला हाड नसलेली. झ्वाने सातासमुद्रापार वाजवून आला, पण त्याला खरं म्हणजे एकच गोष्ट पुन्हा ऐकायची होती, ती म्हणजे फूमाचं गाणं. आणि फूमा एकतीस वर्षं गायली नव्हती.

आमच्याकडचं जुनं गाणं दोघांचं असतं. एक जाड आवाज, एक बारीक. दोघं खांद्याला खांदा लावून बसतात, एक हात कानावर धरतात, आणि शेवटी दोन्ही आवाज एकाच सुरावर येऊन मिळतात. एकट्याने ते कुणी गात नाही. फूमा जाड आवाजाची आणि शेजारची तोनीना बारीक. दोघी द्राक्षं तोडताना गायच्या, मका सोलताना गायच्या, भांडण झालेलं असलं तरी गायच्या, फक्त गाणं संपलं की परत बोलणं बंद. सत्याहत्तर साली तोनीना गेली. झ्वाने तेव्हा अमेरिकेत होता. आईने शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं पत्र त्याला मिळालं, त्यात दोनच वाक्यं होती. तोनीना गेली. यंदा अक्रोड कमी आहेत.

झ्वानेनेच तोनीनाच्या जागी बसून गावं, असं कुणालाही वाटेल. तीच तर गोम होती. त्याला ते सूर गळ्यातून काढताच येत नव्हते. तो लहान असताना एक इटालियन कुटुंब गाव कायमचं सोडून चाललं होतं. खाणीत काम करणाऱ्या त्याच्या बापाने त्यांना ऑलिव्ह तेलाची मोठी बरणी दिली आणि त्यांची अकॉर्डियन घेतली. सहा वर्षांचा झ्वाने पेटीमागे दिसेनासा व्हायचा. खाणीच्या बँडचे मास्तर त्याला शिकवू लागले. पोरगं घरचे सूर गुणगुणलं की मास्तर पेन्सिलीने बोटांवर मारत आणि म्हणत, "हे सूर पेटीत आहेत का? नाहीत ना? मग हे सूरच नाहीत." दोन वर्षांत त्याचा कान इस्त्री केल्यासारखा सरळ झाला. फूमाने एके दिवशी त्याला गायला बसवलं, अर्ध्यात थांबवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या तेलाच्या बरणीने माझं पोर बिघडवलं."

वीस वर्षांचा झाल्यावर तो रियेका बंदरातून मालवाहू जहाजावर चढला, स्वयंपाक्याच्या हाताखाली. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर जहाज नऊ दिवस अडकलं. धक्क्याजवळच्या एका बारमध्ये दुपारच्या वेळी लेम्युएल नावाचा एक काळा म्हातारा पियानो वाजवत होता. झ्वाने बिअर घेऊन बसला आणि बिअर तशीच राहिली. म्हातारा मधूनच शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबत होता, नाहीतर काळ्या पट्टीवरून बोट पांढरीवर घसरवत होता, आणि त्या दोन्हींच्या फटीतून भलताच एक सूर डोकावत होता. तो सूर झ्वानेच्या घरच्या स्वयंपाकघरातला होता. पेटीत नसलेला, मास्तरांनी मार देऊन बंद केलेला. त्याला रडू आलं आणि लाजही वाटली. जहाज निघालं तेव्हा तो त्यात नव्हता.

तेरा वर्षं राहिला. लेम्युएलने पहिल्याच दिवशी त्याच्या मर्मावर बोट ठेवलं. "तुझा डावा हात आळशी आहे रे. त्या तुझ्या पेटीत एक बटण दाबलं की सगळं आयतं मिळतं. आयतं खाऊन खाऊन सुस्तावलाय." त्या डाव्या हाताला कामाला लावायला चार वर्षं गेली. आठवडाभर तो बारमध्ये पियानो वाजवी आणि रविवारी तिथे जाऊन वसलेल्या आमच्याकडच्या लोकांच्या लग्नात अकॉर्डियन. हे लोक खाडीत कालवं काढायचे, नाचायला उभे राहिले की पहाटेपर्यंत बसायचे नाहीत. सोमवारी त्याला दोन्ही हात उचलवत नसत. बापाच्या फुप्फुसात कोळशाची धूळ जाऊन तो वारला, तेव्हा झ्वाने परत आला.

घरी आल्यावर आठवड्याने त्याने अकॉर्डियन काढली आणि आईचं जुनं गाणं वाजवलं, तोनीनाची बाजू. फूमा घेवडा सोलत होती.

"पेटी खोटं बोलते," ती म्हणाली.

"आई, मी तेरा वर्षं शिकून आलोय."

"मग तेरा वर्षं तुला कुणीतरी फसवलं."

पियानोवर तरी जमेल म्हणून त्याने तिला हॉटेलच्या बारमध्ये नेलं. मांडीवर पर्स घट्ट धरून ती बसली. त्याने लेम्युएलसारख्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या. तिने क्षणभर मान वर केली आणि मग ती म्हणाली, "दोन बायका एकाच वेळी बोलतायत आणि दोघीही चुकतायत." त्यानंतर त्याने तो नाद सोडला. सोडला असं तो म्हणायचा. हॉटेलात रोज संध्याकाळी त्या दोन पट्ट्यांवर त्याची बोटं जायचीच.

तर त्या ऑक्टोबरात आठ दिवस झोपून उठल्यावर तो आईकडे गेला. हंगामात समुद्राची हवा खाऊन पेटीतला एक सूर बिघडला होता, तो बघायला पेटीही बरोबर नेली. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून तो एकच पट्टी दाबून भाता ओढत होता, दाबत होता. दाबताना सूर ठीक होता, ओढताना उतरत होता. पेटीत प्रत्येक सुराला पोलादाच्या दोन बारीक जिभा असतात, एक ओढण्याची आणि एक दाबण्याची. ओढण्याच्या जिभेच्या टोकावर गंज धरला असणार, वजनाने सूर खाली आला असणार.

पलीकडच्या खोलीतून फूमाचा आवाज आला. "तो."

"काय तो?"

"आत्ता बोललास तो. ओढताना. तो खरा."

झ्वानेचे हात जागच्या जागी राहिले. त्याने पुन्हा भाता ओढला. फूमा काठी टेकत दारात येऊन उभी राहिली. "तोनीना इथेच असायची," ती म्हणाली, जणू शेजारच्या पायरीबद्दल बोलत होती.

त्या हिवाळ्यात त्याने जे केलं ते कुठल्याही शहाण्या वादकाने केलं नसतं. चांगली पेटी त्याने मुद्दाम बेसूर करायला घेतली. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. तो रोज सकाळी टेकडी चढून यायचा, टेबलावर पेटी उघडायची, कानशीने दोन हात मारायचे, पेटी बंद करायची, वाजवायची. फूमा चुलीजवळ बसून निकाल द्यायची.

"खाली."

कानस. पुन्हा.

"अजून."

कानस.

"गेला, पुढे गेला. घोड्यावर बसलायस का?"

मग टोकाशी घासून तो परत वर आणायचा. प्रत्येक घासण्याने जीभ पातळ व्हायची. सहा सूर लागत होते, सहांच्या दोन दोन जिभा. एका सुराला कधी चार दिवस जात, कधी दहा. दुपारी फूमा तांबडी वाइन गरम करी, तीत भाजलेला पाव, तेल आणि मिरी टाकी, आणि एकाच मडक्यातून दोघं आळीपाळीने पीत. त्याच्या खांद्यातली कळ तेवढ्यापुरती गप्प बसे. तो म्हणे, "आई, तू गाऊन दाखवलंस तर मला सूर लवकर सापडेल." ती म्हणे, "एकटी? मला काय वेड लागलंय?"

जानेवारीत एक जीभ तुटली. बारीक टण् असा आवाज झाला, आणि नऊ दिवसांचं काम जमिनीवर पडलं. त्याने पेटीतल्या दुसऱ्या रांगेतली जीभ काढून तिथे बसवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

निवेसला हे फेब्रुवारीत कळलं. त्याने घरी पेटी वाजवली, ती भाजी चिरता चिरता थांबली.

"हे काय झालं तिला?"

"आईचे सूर लावतोय."

"मे महिन्यात गच्चीवर काय वाजवणार आहेस? मांजर?"

"पियानो आहे की संध्याकाळचा."

"त्यांना दुपारची पेटीच हवी असते झ्वाने. पियानो ते तुझ्या समाधानासाठी ठेवतात. तुलाही माहीत आहे."

त्याला माहीत होतं. तो खूप थकलेला दिसत होता, कोट काढलेला, कलंडलेला. "निवेस, मी पन्नास वर्षं लोकांना हवं ते वाजवलं," तो म्हणाला. "ती सत्त्याऐंशीची आहे. मला तिला एकदा ऐकायचंय. बस्स." निवेसने पुन्हा सुरी उचलली. दुसऱ्या दिवशी टेकडीवर न्यायच्या पिशवीत तिने त्याला न सांगता गरम पाण्याची रबरी पिशवी टाकली, खांद्यासाठी.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाच सूर झाले. सहावा उरला, ज्यावर गाणं संपताना दोन्ही आवाज एकत्र येतात तो. झ्वानेने त्याच्या जिभा उजेडात धरल्या. हा सूर सगळ्या गाण्यांत लागतो, त्यामुळे पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी इतक्या वर्षांत त्याच सुरावर सगळ्यात जास्त हात चालवला होता. जिभा कागदासारख्या झाल्या होत्या. दुसऱ्या रांगेतल्या त्याच सुराच्या जिभांची तीच गत.

"एक हात मारला तरी तुटेल," तो म्हणाला. "तुटली तर दुसरी नाही. आणि नाही मारला तर शेवटाला पेटी खोटंच बोलणार."

फूमाने चुलीत एक लाकूड सरकवलं. हिवाळ्यात ती फार उतरली होती. काठीवरची बोटं लाकडाइतकीच वाळली होती. झ्वानेने कानस उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"राहू दे तो," ती म्हणाली.

"मग गाणं संपणार कसं?"

"तिथे मी येते."

त्याला आधी कळलंच नाही. तिने एप्रन सारखा केला, चुलीजवळच्या बाकावर सरकून डावीकडे जागा केली आणि हाताने बाक थोपटला. "ये. तोनीना इथे बसायची."

झ्वानेने पेटी गळ्यात अडकवली. पट्टा डाव्या खांद्यावर बसला तशी कळ कोपरापर्यंत गेली. तो आईला खेटून बसला. तिने उजवा तळवा कानावर धरला आणि त्याच्याकडे न बघता मान हलवली. त्याने बारीक आवाजाची पहिली ओळ ओढली. त्याखालून फूमाचा आवाज आला. चिरफाळलेला, धाप लागलेला, मध्येच हवाच उरलेला, पण तोच. मास्तरांनी लहानपणी बंद केलेलं दार कुणीतरी उघडावं तसं त्याला झालं. त्याने भाता ओढत ठेवला. पाचही सूर तिच्या शेजारी जाऊन बसले, एकानेही तिला मान वळवायला लावली नाही.

शेवटची ओळ आली. त्याने सहावी पट्टी दाबली, मास्तरांची, सरळ, खोटी. फूमाचा सूर तिच्या थोडा खालीच होता, सत्त्याऐंशी वर्षं जिथे होता तिथेच. झ्वानेने पट्टी तशीच दाबून धरली. मग त्याला ऐकू आलं की ती आपली जागा सोडते आहे. हळूहळू, गुडघे दुखणारं माणूस पायरी चढतं तसं, ती वर आली, जरा चुकली, पुन्हा शोधलं, आणि त्याच्या सुरावर येऊन उभी राहिली. कुठला आवाज आईचा आणि कुठला पेटीचा, हे त्याला कळेना. भाता पुरता मिटेपर्यंत त्याने पट्टी सोडली नाही. त्याचा चेहरा ओला झाला होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

फूमाने कानावरचा हात काढला. तिला बराच वेळ धाप लागली होती.

"तोनीना याहून लांब धरायची," ती म्हणाली. "पुन्हा घे."

त्याने दुखरा खांदा जरा वर उचलला आणि भाता उघडला.